गुप्तहेराला न सापडलेला वारस

१९९३ साली दूरदर्शनवर आलेल्या बासू चटर्जींच्या ‘ब्योमकेश बक्षी’ या मालिकेत ‘वसीयत’ नावाची एक गोष्ट आहे. एक श्रीमंत, तापट म्हातारा. पोटी मूल नाही. घरात आश्रयाला राहिलेले तरुण नातलग आणि त्यांतल्या एकाची बहीण सत्यवती. ज्याच्यावर राग येईल त्याचं नाव कापायचं आणि दुसऱ्याच्या नावे नवं मृत्युपत्र लिहायचं, ही म्हाताऱ्याची खोड. एका सकाळी तो अंथरुणात मेलेला सापडतो, आणि शेवटच्या मृत्युपत्राचा लाभ ज्याला होणार त्याच्यावरच, म्हणजे सत्यवतीच्या भावावर, संशय येतो. रजित कपूर यांचा ब्योमकेश, के. के. रैना यांचा अजित आणि सुकन्या कुलकर्णी यांची सत्यवती आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. पण या गोष्टीचा खरा जोर तिच्यातल्या कायद्यात आहे. ज्याने खून केला त्याला मृताची मालमत्ता मिळत नाही, हे तत्त्व ठाऊक असल्याशिवाय ‘कोणावर संशय आला तर कोणाचा फायदा’ हा हिशेब मांडताच येत नाही. मूळ बंगाली कथा १९३०च्या दशकातली. त्याच्या थोडं आधी, १९२४ साली, मुंबई इलाख्यातून गेलेल्या केंचव्वा विरुद्ध गिरीमल्लप्पा या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितलं होतं: खुनी इसम वारसाच्या साखळीत नाहीच असं समजायचं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ मध्ये ते तत्त्व लिखित स्वरूपात आलं. कथाकार शरदिंदू बंद्योपाध्याय स्वतः कायदा शिकलेले, वकिलाचे चिरंजीव. १९५२ पासून ते पुण्यात राहिले. आपल्या शेजारात राहून गेलेल्या या लेखकाला एक गोष्ट नेमकी कळली होती. वारसाच्या भांडणात खून नंतर येतो, आधी कागद येतो.

त्यानंतरच्या तीस वर्षांत आपल्या मालिकांनी खून ठेवला आणि कागद टाकून दिला, अशी माझी तक्रार आहे. आणि ही तक्रार मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातून करण्यापेक्षा लोधीखेड्यातून करावी असं वाटतं. लोधीखेडा हे पांढुर्णा जिल्ह्यातल्या सौंसर तालुक्यातलं गाव. मध्य प्रदेशात असूनही घरात मराठी बोलणारं. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं, संत्र्याच्या आणि कापसाच्या पट्ट्यातलं. सौंसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्या वर्षी त्यांचा वेगळा जिल्हा झाला. दक्षिणेला सीमा ओलांडली की नागपूर जिल्ह्यातलं सावनेर. सोयरिकी दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे, पोळा आणि भाऊबीज दोन्हीकडे सारखीच. आणि तरी अलीकडच्या काळात एक दशकाहून जास्त वर्षं अशी गेली की, एकाच घराण्यातल्या दोन बहिणींपैकी सावनेरच्या बाजूला असलेली जन्माने वारस होती आणि लोधीखेड्याच्या बाजूची नव्हती. यात ना विष होतं, ना सुरी, ना रात्रीचं सावट. म्हणूनच टीव्हीवरच्या कोणत्याही तपास अधिकाऱ्याला ही गोष्ट कधी दिसली नाही.

ती नीट मांडायला हवी. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला १७ जून १९५६ ला. तेव्हा सौंसर आणि सावनेर दोन्ही जुन्या मध्य प्रदेशातच होते. साडेचार महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे कायदा एक आणि राज्यं दोन. १९५६च्या कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात भावाच्या बरोबरीने वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क मुलाचाच ठेवला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आपल्या राज्यापुरती दुरुस्ती करून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. आंध्र, तमिळनाडू आणि कर्नाटकानेही आपापल्या दुरुस्त्या केल्या. मध्य प्रदेशाने केली नाही. तिथल्या मुलींना तो हक्क मिळाला तो ९ सप्टेंबर २००५ ला, संसदेने सगळ्या देशासाठी कायदा बदलला तेव्हा. आकड्यांत पाहू. वडिलोपार्जित नऊ एकर जमीन, आई-बाप, एक मुलगा, एक मुलगी. बाप वारला. जुन्या नियमाने आधी बाप, आई आणि मुलगा यांच्यात तीन-तीन एकरांची मनातल्या मनात वाटणी करायची, मग बापाचे तीन एकर तिघांत वाटायचे. मुलीला एक एकर, आईला चार, मुलाला चार. नव्या नियमाने मुलगीही आधीच्या वाटणीत बसते. शेवटी तिघांना तीन-तीन एकर. एक एकर आणि तीन एकर यांच्यातला फरक सीमेवरच्या एका दगडाने ठरवला, आणि तो अकरा वर्षं टिकला.

यावर कोणी म्हणेल, की हा इतिहास झाला. २००५ नंतर दोन्हीकडे एकच नियम आहे, मग आता रहस्य कुठे उरलं? माझ्या मते खरं रहस्य इथेच सुरू होतं. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने सांगितलं, की मुलीचा हक्क जन्माने आहे. ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असण्याची गरज नाही. पण कायद्यातच एक दार उघडं आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी जी वाटणी झाली, म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने पुरी झाली, तिला हात लावता येत नाही. तोंडी वाटणीचा बचाव सहसा मान्य करायचा नाही. सरकारी कागदाचा भक्कम आधार असेल तर अपवाद, असंही न्यायालयाने म्हटलं. त्यामुळे आज अशा खटल्यातला निर्णायक प्रश्न असा बनतो: वाटणी झाली केव्हा? खरंच झाली, की बहिणीने मागणी केल्यावर झाली असं सांगितलं गेलं? बाप वारल्यावर पटवाऱ्याकडे फौती, म्हणजे मृत्यूनंतरची वारस नोंद, चढली; खसऱ्यात, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सातबाऱ्यात, भावांची नावं आली, बहिणीचं आलं नाही. ही नुसती नोंद होती की वाटणी? कोणाच्या हातचं अक्षर, कोणत्या सालचा स्टॅम्प, विहिरीच्या पाळ्या त्या सालानंतर खरोखर वेगळ्या झाल्या का, शेतसारा आणि सोसायटीचं कर्ज वेगवेगळं भरलं गेलं का? तारीख शोधणं म्हणजे गुन्ह्याची वेळ शोधणं. गुप्तहेर कथेची सगळी सामग्री इथे आहे, आणि एकही मालिका तिच्याकडे वळलेली माझ्या पाहण्यात नाही.

मालिकांनी काय केलं ते पाहणं आवश्यक आहे. बी. पी. सिंह यांच्या ‘सीआयडी’ने १९९८ ते २०१८ अशी दोन दशकं देशाला तपासाची भाषा दिली. शिवाजी साटम यांचा प्रद्युम्न हा मराठी घरांना आपलाच माणूस वाटला. पण या मालिकेचा ढाचाच असा, की मृतदेह सापडतो, प्रयोगशाळा सांगते, दरवाजा तुटतो. मालमत्ता हा त्यात हेतू असतो. तिचा कायदा काय हे विचारायला वेळ नसतो. वारशाच्या विषयाला खऱ्या अर्थाने भिडली ती ‘रात्रीस खेळ चाले’. २२ फेब्रुवारी २०१६ ला झी मराठीवर आलेल्या या मालिकेत कोकणातल्या नाईकांच्या घरातले अण्णा वारतात, पांगलेली मुलं जमतात, हिश्श्यांची कुजबुज सुरू होते, मृत्यू घडतात, पोलीस येतात. मालवणी बोलीचा, सिंधुदुर्गातल्या घराचा, भाऊबंदकीचा असा दाट अनुभव त्याआधी मराठी टीव्हीवर आला नव्हता, आणि त्याचं श्रेय पूर्ण द्यायला हवं. पण भुताखेतांच्या भीतीने त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाला झाकून टाकलं. अण्णांच्या विवाहबाह्य संबंधातली मुलगी, सुषमा, घरात येऊन उभी राहते. तिचा हक्क किती? कायदा इथे अतिशय सूक्ष्म आहे. लग्नच न झालेल्या संबंधातलं मूल हिंदू उत्तराधिकार कायद्यात आईशी जोडलेलं असतं, बापाशी नाही. पण लग्नाचा विधी झाला आणि पहिली बायको जिवंत असल्याने ते लग्न रद्दबातल ठरलं, तर त्या मुलाला आईबापांच्या मालमत्तेत वाटा आहे. १ सप्टेंबर २०२३ च्या रेवनसिद्दप्पा निकालाने तो वाटा बापाच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित हिश्श्यापर्यंत नेला. म्हणजे अशा मुलीचं सगळं भवितव्य एका प्रश्नावर लटकतं: काही वर्षांपूर्वी एखाद्या देवळात हार घातले गेले होते का, आणि ते पाहणारा कोणी अजून जिवंत आहे का? हा तपास किती माणसांच्या दारांपर्यंत नेता आला असता! गाव गप्प का राहिलं, भटजीने काय पाहिलं, पहिल्या बायकोला काय माहीत होतं. मालिकेने त्याऐवजी अंधार निवडला.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. कागद नीरस असतो. प्रेक्षकाला दिवसभराच्या कामानंतर खसरा आणि नामांतरणाची, म्हणजे फेरफाराची, कार्यवाही दाखवून कोण खिळवणार? याचं उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही, कारण महाराष्ट्राने कागदाचा असा एक खटला जवळजवळ चौदा वर्षं श्वास रोखून पाहिला आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ ला वारले. मृत्युपत्रात लोकमान्य टिळक विश्वस्त होते, अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. तरुण विधवा ताई महाराज. मागाहून जन्मलेला मुलगा दोन महिन्यांत गेला. दत्तक घ्यायचा ठरला. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तविधान झालं, असं टिळकांचं म्हणणं. ऑगस्टमध्ये ताई महाराजांनी कोल्हापूरला दुसराच मुलगा दत्तक घेतला. प्रश्न एकच: औरंगाबादला मुलाचं देणं-घेणं प्रत्यक्ष झालं, की नुसती बोलणी झाली? जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी टिळकांवरच खोट्या साक्षीचा संशय घेऊन फौजदारी खटला उभा केला, १९०३ मध्ये त्यांना शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली, आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. दिवाणी वाद पुढे लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये औरंगाबादचं दत्तविधान खरं ठरलं. त्या निकालात न्यायमूर्तींनी मुंबईच्या उच्च न्यायालयाला एक मोलाची गोष्ट ऐकवली. साक्षीदाराचं जुनं पत्र त्याच्या साक्षीशी जुळत नसेल, तर ते पत्र त्याच्यापुढे ठेवून त्याला बोलू दिलं पाहिजे; पाठीमागे त्याला खोटा ठरवता येत नाही. हा नियम आजही भारतातल्या न्यायालयांत उद्धृत होतो. या सगळ्या प्रकरणात एकही खून नव्हता. पत्रं, डायऱ्या, जमाखर्च, तारा आणि एका विधवेची साक्ष, एवढ्यावर सारा देश अस्वस्थ झाला होता. कागद नीरस असतो हे खरं नाही. तो वाचणारा माणूस पडद्यावर नसतो, इतकंच.

आणि वाचायचं कसं, हेही एका मराठी न्यायाधीशाने लिहून ठेवलेलं आहे. १९५८ साली एच. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. तिम्माजम्मा या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी मृत्युपत्राकडे कसं पाहावं याची जी मांडणी केली, ती कोणत्याही गुप्तहेराच्या वहीत शोभावी. सही थरथरती किंवा संशयास्पद आहे का? लिहिणाऱ्याचं मन शाबूत होतं का? जवळच्या वारसांना विनाकारण वगळलं आहे का? ज्याला लाभ होणार त्यानेच मृत्युपत्र लिहून घेण्यात पुढाकार घेतला का? अशा खुणा दिसल्या, की त्यांचा उलगडा करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर येते, आणि न्यायालयाच्या विवेकाचं समाधान झालं पाहिजे. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक दृश्य आहे. म्हातारीचा हात धरून अंगठा घेणारा पुतण्या, साक्षीदार म्हणून बोलावलेला चहावाला, दवाखान्याच्या कागदावरची तारीख. कायद्याला किमान दोन साक्षीदार लागतात, आणि मृत्युपत्र सिद्ध करायला त्यांतला एक तरी जिवंत असेल तर त्याला कठड्यात उभं करावं लागतं. बनावट मृत्युपत्र करणं किती गंभीर मानलं आहे, हे तर प्रेक्षकाला कळतच नाही. जुन्या दंडसंहितेच्या कलम ४६७ नुसार, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३८ नुसार, त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

लोधीखेड्याच्या परिसरात या विषयाचं मूळ आणखी खोल आहे. इथे मराठी सत्ता आली तीच एका घरातल्या वारसाच्या भांडणामुळे. छिंदवाड्याजवळच्या देवगडचा गोंड राजा चांद सुलतान १७३९च्या सुमारास वारला. बख्त बुलंदचा अनौरस मुलगा वली शाह याने गादी बळकावली. विधवा राणीने वऱ्हाडातल्या रघूजी भोसल्यांना बोलावलं. रघूजींनी वली शाहला हटवून राणीच्या मुलांना, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह यांना, गादीवर बसवलं. काही वर्षांत दोघा भावांत बिनसलं. १७४३ मध्ये बुऱ्हाण शाहने पुन्हा मदत मागितली. अकबर शाहला परागंदा व्हावं लागलं आणि शेवटी हैदराबादला त्याच्यावर विषप्रयोग झाला. बुऱ्हाण शाहला राजा ही पदवी आणि तनखा मिळाला. राज्य भोसल्यांकडे गेलं. भाऊबंदकी मिटवायला आलेल्या तिसऱ्यालाच सगळं मिळतं, ही गोष्ट या मातीत पावणेतीनशे वर्षं जुनी आहे. गोंड समाजाच्या बाबतीत तर वारसाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. तिथे रूढी चालते. १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राम चरण विरुद्ध सुखराम या छत्तीसगडमधल्या गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं, की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर तिला वगळता येणार नाही. हा खटला पाहताना न्यायालयापुढे जुन्या मध्य प्रांताचा १८७५ चा कायदा होता, ज्यात नियम नसेल तिथे न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांनी निर्णय करायला सांगितलं होतं. सौंसर-पांढुर्ण्याची जमीनही त्याच मध्य प्रांतातली. ज्या दिवशी एखादी मालिका गोंड बाईच्या हक्काचा तपास करील, त्या दिवशी तिला ‘आमची रूढीच अशी’ म्हणणाऱ्या पंचांना विचारावं लागेल: कधीपासून, आणि कोणाच्या बाबतीत पाळली गेली?

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. बहिणी आपणहून हक्क सोडतात. माहेर तुटू नये म्हणून, भाऊबीजेला ताट मांडलेलं असावं म्हणून, आईची काळजी भावाने घेतली म्हणून. त्यांच्या मोठेपणात गुन्हा शोधणारा गुप्तहेर कोण? हा आक्षेप मी मान्य करून पुढे जातो, कारण स्वखुशीने सोडलेला हक्क ही खरोखरच मोठी गोष्ट आहे. पण स्वखुशी ठरवायची कशी? महाराष्ट्रात जवळच्या नातलगांच्या लाभात वडिलोपार्जित मालमत्तेवरचं हक्कसोडपत्र ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं. सरकारने घरातला व्यवहार सोपा व्हावा म्हणून ही सवलत ठेवली. तिचा दुसरा अर्थ असा, की रस्त्याकडेच्या कोट्यवधींच्या जमिनीतलं नाव जाण्याला तेवढेच पैसे लागतात. त्या दिवशी बहिणीला काय सांगण्यात आलं? जमीन किती, तिच्याशेजारचा प्लॉट कितीला गेला, नागपूर रस्त्याला लागून बोरगावच्या औद्योगिक पट्ट्यात भाव काय आहे, हे तिला ठाऊक होतं का? सही करायला ती स्वतः आली की तिला गाडी पाठवली? दस्त तिला वाचून दाखवला का, तिची प्रत तिच्याजवळ आहे का? गजेंद्रगडकरांनी मृत्युपत्रासाठी लिहिलेल्या खुणा इथेही जशाच्या तशा लागू पडतात. ज्या बहिणीने सगळं माहीत असून हक्क सोडला, तिच्या मोठेपणाला या प्रश्नांनी धक्का लागत नाही. उलट तो सिद्ध होतो.

भावाचीही बाजू आहे, आणि चांगल्या गोष्टीत ती पूर्ण ताकदीने यायला हवी. संत्र्याचं झाड लावल्यावर फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. ज्याने कलमं आणली, उन्हाळ्यात विहीर खोल केली, आंबिया आणि मृग बहारांची जोखीम घेतली, म्हाताऱ्या आईबापांना दवाखान्यात नेलं, त्याला कायदा बहिणीइतकाच हिस्सा देतो. त्याच्या कष्टांचं वजन हिश्श्याच्या आकड्यात धरलं जात नाही. त्याला आपण लुबाडले जातोय असं वाटलं, तर तो खलनायक होत नाही. बागेचे तुकडे करायचे तर विहीर एकाच्या वाट्याला येते आणि झाडं दुसऱ्याच्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही वाळतात. यावर कायद्यात मार्ग आहेत, ते फार थोड्यांना माहीत आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार एखाद्या वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर दुसऱ्या वारसाला तो आधी घेण्याचा हक्क आहे. २०१९ मध्ये बाबू राम निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे शेतजमिनीलाही लागू केलं. म्हणजे बहिणीला तिच्या वाट्याची रास्त किंमत आणि भावाला अखंड बाग, असा शेवट कायद्यातच आहे. गुन्हेगाराला बेड्या घालून संपणाऱ्या मालिकेला असा शेवट सुचणार नाही, पण बघणाऱ्याला तो आयुष्यभर पुरेल.

तिसरा आक्षेप असा, की टीव्हीने कायदा शिकवायला लागावं का? अशा मालिका घरं फोडतील. माझं म्हणणं उलट आहे: मालिका आजही कायदा शिकवत आहेत, फक्त चुकीचा. पडद्यावर मृत्युपत्र फाडलं की हक्क संपतो, सातबाऱ्यावर नाव चढलं की माणूस मालक होतो, बापाने ‘तुला बेदखल करतो’ म्हटलं की मुलगा बाहेर. खऱ्या जगात नोंदीने मालकी मिळत नाही. ६ सप्टेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात, मध्य प्रदेशच्याच एका मृत्युपत्राच्या आधारे मागितलेल्या नामांतरणाबाबत, स्पष्ट सांगितलं की महसुली नोंद फक्त सारा वसुलीसाठी असते. हक्काचा वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जा. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेतही तसंच आहे. कलम १७८ खाली तहसीलदारापुढे बंटवाऱ्याचा अर्ज आला आणि कोणी हक्काचाच प्रश्न काढला, तर तहसीलदार दिवाणी दाव्यासाठी तीन महिने कामकाज थांबवतो. ते तीन महिने म्हणजे एक अख्खी मालिका आहे. त्या अवधीत भाऊ गावातल्या बुजुर्गांना गाठतो, बहीण सावनेरला वकील शोधते आणि तिला पहिल्यांदा कळतं की तिकडच्या ‘फेरफारा’ला इकडे ‘नामांतरण’ म्हणतात, तलाठ्याला पटवारी, आणि कागद हिंदीत आहेत. सीमेवरच्या मराठी माणसाची ही नेमकी अडचण मुंबईत लिहिल्या जाणाऱ्या पटकथेत कधी आलेली नाही. या भागातले लोक मराठी वाहिन्या बघतात. त्यांना तिथे सातबारा दिसतो आणि घरी खसरा.

घर फुटण्याबद्दल एवढंच, की वारसाच्या वादात घर फोडते ती लपवाछपवी. ज्या बहिणीला बापाच्या तेराव्याला कागद दाखवला गेला, तिच्या आणि भावाच्या मधे पुढे वीस वर्षांनी वकील क्वचितच उभा राहतो. जिला वीस वर्षांनी, महामार्गाच्या भरपाईची नोटीस आल्यावर कळतं, ती मात्र तारखांवर तारखा घेत राहते, आणि तिची मुलं मामाच्या घरी जात नाहीत.

म्हणून मालिका लिहिणाऱ्यांना विनंती आहे. पुढच्या वेळी वारसाच्या भांडणावर लिहाल, तेव्हा पहिल्या भागात मृतदेह जरूर ठेवा, पण तपास अधिकाऱ्याच्या शेजारी एक निवृत्त पटवारी बसवा. गोष्ट कोकणातल्या वाड्यातून एकदा जांब नदीच्या खोऱ्यात आणा, जिथे दोन राज्यांचे कायदे एका घरात भेटले. संशयितांच्या यादीत तारखांना जागा द्या. आणि ज्या वाचकांची जमीन या पट्ट्यात आहे, त्यांनी मालिकेची वाट पाहू नये. मध्य प्रदेशातला खसरा ‘एमपी भूलेख’ या शासकीय संकेतस्थळावर आणि महाराष्ट्रातला सातबारा ‘महाभूलेख’वर कोणालाही पाहता येतो. या दिवाळीत बहिणी घरी आल्या, की तो सगळ्यांसमोर उघडा आणि खातेदारांच्या रकान्यात कोणाकोणाची नावं आहेत ते मोठ्याने वाचा. एखादं नाव नसेल, तर ते चढवण्याचा अर्ज तहसील कार्यालयात आजही देता येतो.